फासे, पंच आणि ‘समजा...’

मागच्या वर्षी एका खेड्यातल्या शाळेत नववीच्या मुलांबरोबर एक खेळ खेळण्याचा योग आला. खेळ अगदी साधा होता. फळ्यावर एका काल्पनिक गावाचा नकाशा काढला. गावात दोनशे माणसे, तीन विहिरी, थोडी बागायत आणि बरीच जिरायत. मुलांचे पाच गट केले : ग्रामपंचायत, बागायतदार, कोरडवाहू शेतकरी, घरचे पाणी भरणाऱ्या बायका आणि गावची शाळा. दरवर्षी पाण्याचे काय करायचे ते गटांनी आपसांत बोलून ठरवायचे. मग मी दोन फासे टाकायचे. बेरीज ४ किंवा त्याहून कमी आली तर पाऊस दगा देणार. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी अशा शक्यता ६ आहेत, म्हणजे सरासरी सहा वर्षांतून एक दुष्काळ.

पहिली दोन वर्षे चांगली गेली. मुलांना हुरूप आला आणि तिसऱ्या वर्षी त्यांनी जवळजवळ सगळे पाणी उसाला देऊन टाकले. मी फासे टाकले. पडले १ आणि २. वर्ग एकदम गप्प झाला. तास संपायला दहा मिनिटे उरली होती. मुलांचे चेहरे पडले होते आणि त्यांचा विरस करणे माझ्या जिवावर आले. “फासे नीट पडले नाहीत,” असे म्हणून मी ते पुन्हा टाकले. बेरीज ८ आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र म्हणाला, “मॅडम, मग तो दुष्काळ कुठे गेला?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे वाचू लागले तेव्हा लक्षात आले, की ‘समजा मी अमुक आहे, आणि अशी परिस्थिती आहे, तर मी काय करीन?’ या धर्तीच्या सगळ्याच खेळांच्या मुळाशी हा प्रश्न आहे. अशा खेळांना ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. आपण त्यांना भूमिकाखेळ म्हणू. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. एक जण पंच होतो आणि परिस्थितीचे वर्णन करतो. आपले पात्र काय करणार ते खेळाडू तोंडी सांगतात. काय घडेल ते निश्चित नसेल, तिथे फासे टाकून निकाल लावतात. एका अर्थाने ही नियम आणि फासे घेऊन मांडलेली भातुकलीच आहे. पण भातुकलीत हे नियम, हे फासे आणि हा पंच आले कुठून? गंमत अशी, की ते सैन्याच्या शिक्षणातून आले.

बुद्धिबळात काय कमी आहे?

आपल्याकडचे चतुरंग इराण आणि अरब देशांमार्गे युरोपात गेले आणि तिथे त्याचे आजचे बुद्धिबळ झाले. मुळात ते युद्धाचेच चित्र. पण खऱ्या युद्धाशी ताडून पाहिले तर त्यात चार गोष्टींची उणीव दिसते. जमीन सगळीकडे सारखी आहे. शत्रूची प्रत्येक हालचाल आपल्याला दिसते. नशिबाला जागा नाही. घोड्याने हत्ती मारायचा ठरवला की तो मरतोच. आणि नियमात नसलेली चाल करताच येत नाही.

यातली पहिली उणीव जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग येथे गणित आणि निसर्गविज्ञान शिकवणाऱ्या योहान हेलविग या शिक्षकाने भरून काढली. १७८० साली त्याने प्रसिद्ध केलेल्या खेळाचा पट ४९ × ३३, म्हणजे १६१७ घरांचा होता. घरांना वेगवेगळे रंग होते. एका रंगाचा अर्थ डोंगर, दुसऱ्याचा दलदल, तिसऱ्याचा पाणी. घोडदळ, पायदळ आणि तोफखाना यांच्या चाली निरनिराळ्या होत्या. लष्करी पेशात जाऊ पाहणाऱ्या मुलांना युद्धशास्त्र गोडीने शिकता यावे, हा त्याचा हेतू होता.

पुढचे मोठे पाऊल प्रशियातल्या राइसवित्स पिता-पुत्रांचे. वडील ब्रेस्लाऊमधले सरकारी अधिकारी. त्यांनी पटावरच्या चौकोनी घरांनाच रजा दिली आणि वाळूत उठवलेल्या जमिनीवर खेळ मांडला. राजाला तो पाहायची इच्छा झाली, तेव्हा राजापुढे वाळू काय न्यायची म्हणून त्यांनी नक्षीदार फरशांचे एक खास टेबल बनवले आणि ते १८१२ मध्ये राजाला दिले. मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्याने १८२४ साली या खेळाचे नियम नव्याने बांधून प्रसिद्ध केले. जर्मन भाषेत त्याला ‘क्रीगश्पील’ म्हणजे युद्धखेळ म्हणतात.

धाकट्या राइसवित्सने बुद्धिबळाच्या उरलेल्या उणिवांना एकेक करून हात घातला. पट म्हणून १ : ८००० प्रमाणाचा खराखुरा लष्करी नकाशा वापरला. प्रत्येक डाव म्हणजे युद्धातली दोन मिनिटे धरली आणि तेवढ्या वेळात सैन्य जितके चालू शकेल तितकीच चाल द्यायची असे ठरवले. शत्रू दिसू नये म्हणून दोन्ही पक्षांच्या मध्ये पंच बसवला. खेळाडूंनी आपले हुकूम लिहून पंचाला द्यायचे. शत्रूचे जेवढे सैन्य खरोखर नजरेच्या टप्प्यात येईल तेवढेच पंच नकाशावर मांडणार. बंदुका आणि तोफा किती अंतरावर किती वेळा नेम साधतात, याच्या चाचण्या प्रशियाच्या सैन्यात झालेल्या होत्या. तिथल्या आकड्यांवरून त्याने कोष्टके केली आणि त्या आकड्यांतला चढउतार दाखवायला फासे आणले. सैन्याची तुकडीसुद्धा बुद्धिबळातल्या मोहऱ्यासारखी एका फटक्यात नाहीशी होत नसे. नुकसान गुणांनी मोजले जाई आणि तुकडी हळूहळू खचत जाई.

विज्ञानाच्या शिक्षकांनी इथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. प्रयोगातून मिळालेली आकडेवारी, तिच्यातली अनिश्चितता आणि काळाचे निश्चित एकक या तिन्हींना एकत्र बांधून घडणाऱ्या गोष्टीची प्रतिकृती चालवून पाहायची, याला आज आपण संगणकावरचे ‘सिम्युलेशन’ म्हणतो. राइसवित्सने ते कागद, ठोकळे आणि फासे घेऊन केले. प्रशियाच्या सेनाप्रमुखांनी, म्हणजे जनरल म्युफ्लिंग यांनी, आधी काहीशा नाराजीनेच हा खेळ पाहिला. पण पाहता पाहता ते इतके रंगून गेले, की त्यांनी सगळ्या सैन्याला त्याची शिफारस केली. प्रत्येक रेजिमेंटला खेळाचा संच द्यावा असा हुकूम निघाला. शोधकर्त्याच्या वाट्याला मात्र सुख आले नाही. काही काळातच त्याची दूरच्या ठाण्यावर बदली झाली. ती त्याला शिक्षेसारखी वाटली आणि १८२७ साली त्याने आत्महत्या केली.

नियम मोठे की अनुभव?

पुढच्या पन्नास वर्षांत खेळाचे नियम वाढत गेले. कोष्टके लांबली, हिशेब किचकट झाला, आणि हे सारे सांभाळणारा पंच मिळेनासा झाला. १८७६ साली व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने वेगळीच भूमिका घेतली. पंच अनुभवी असेल तर कोष्टके आणि फासे हवेत कशाला? परिस्थिती पाहून त्याने निकाल सांगावा आणि खेळ पुढे न्यावा. तेव्हापासून युद्धखेळांत दोन घराणी झाली, एक नियमांचे आणि दुसरे पंचाच्या विवेकाचे.

आपल्याला हा वाद ओळखीचा वाटेल. उत्तरपत्रिका गुणदान योजनेप्रमाणे काटेकोर तपासायची, की मुलाने वेगळ्याच वाटेने काढलेले बरोबर उत्तर आपल्या समजुतीने मान्य करायचे? योजना नसेल तर मनमानी होते, आणि नुसतीच योजना असेल तर शहाणे मूल मार खाते.

पंचाच्या हातात सत्ता आली की तिच्यावर वरून दाब येणार, हेही ओघाने आले. दुसऱ्या महायुद्धातल्या दोन घटना या बाबतीत शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

दोन पंच, दोन दरबार

मे १९४२ मध्ये जपानी आरमाराने मिडवे बेटावरच्या हल्ल्याची रंगीत तालीम ‘यामातो’ या युद्धनौकेवर टेबलावर मांडून केली. ओकुमिया नावाचा अधिकारी त्यात पंच होता. युद्धानंतर त्याने फुचिदा या सहकाऱ्याबरोबर लिहिलेल्या पुस्तकात ही हकिकत आली आहे. बेटावरून उडालेली अमेरिकी विमाने जपानी जहाजांवर चालून येतात, असा प्रसंग होता. ओकुमियाने फासे टाकले. नऊ बाँब लागले आणि ‘अकागी’ व ‘कागा’ ही दोन विमानवाहू जहाजे बुडाली. संयुक्त आरमाराचे स्टाफप्रमुख उगाकी यांनी तिथल्या तिथे निकाल बदलला : नऊ नव्हे, तीनच धरा. अकागी वाचली. एवढ्यावर भागले नाही. पुढच्या मोहिमेचा खेळ सुरू झाला तेव्हा बुडालेली कागाही परत पटावर आली.

४ जून १९४२ रोजी खऱ्या लढाईत अकागी आणि कागा यांच्यासह चार जपानी विमानवाहू जहाजे कामातून गेली.

ही गोष्ट ‘फाशांनी भविष्य सांगितले होते’ अशी रंगवून सांगतात. ते बरोबर नाही. खेळातला हल्ला बेटावरच्या विमानांचा होता, आणि प्रत्यक्षात बेटावरून आलेल्या विमानांचा एकही बाँब त्या जहाजांना लागला नाही. जहाजे बुडवली ती अमेरिकी विमानवाहू जहाजांवरून आलेल्या विमानांनी. म्हणजे ‘नऊ हा आकडा फार झाला’ हे उगाकींचे मत मुळीच खुळेपणाचे नव्हते. कोष्टक चुकीचे वाटले तर पंचाने ते सुधारावे. चूक दुसरीकडे होती. आपली विमाने बेटावर गुंतलेली असताना शत्रू आला तर काय करायचे, हा प्रश्न खेळाने समोर आणून ठेवला होता. आकडा बदलल्यावर तो प्रश्नही पुसला गेला. प्रतिकृती भविष्य सांगत नाही. ती आपल्याला प्रश्न विचारते. तिचे उत्तर खोडणे एक वेळ चालेल, तिचा प्रश्न खोडणे चालत नाही.

दुसरी घटना त्याच वर्षीची, लिव्हरपूलची. जर्मन पाणबुड्या ब्रिटनची मालवाहू जहाजे बुडवीत होत्या. त्यांना तोंड कसे द्यावे ते शोधण्यासाठी कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या हाताखाली एक छोटे पथक जानेवारी १९४२ मध्ये सुरू झाले. खोलीची जमीन हाच समुद्र. जमिनीवर खडूने जहाजांचे मार्ग आखायचे. खेळाडूंनी पडद्याआड उभे राहून फटीतून जेवढे दिसेल तेवढ्यावर निर्णय घ्यायचे. हिशेब, आखणी आणि बरेचसे डावपेच सांभाळत होत्या आरमाराच्या महिला दलातल्या तरुण मुली. त्यांनी शोधलेले डाव पुढे खऱ्या समुद्रात वापरले गेले.

अ‍ॅडमिरल मॅक्स हॉर्टन हे पहिल्या महायुद्धातले नाणावलेले पाणबुडी अधिकारी. ते या पथकाकडे आले आणि पाणबुडीच्या बाजूने खेळायला उभे राहिले. समोर जॅनेट ओकेल नावाची, दलातल्या खालच्या पदावरची मुलगी होती. अ‍ॅडमिरल पाच वेळा खेळले आणि पाचही वेळा हरले. इथे कोणी निकाल फिरवला नाही. हॉर्टन यांनी हार पत्करली आणि पथकाच्या पाठीशी उभे राहिले. खेळ दोन्हीकडे होता आणि पंचही दोन्हीकडे होता. फरक होता तो नकोसा निकाल ऐकून घेण्याच्या तयारीत.

लढाई न झालेला युद्धखेळ

सैन्याचा हा खेळ सामान्य लोकांच्या घरात हळूहळू येतच होता. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातले शिपाई आणि स्प्रिंगची तोफ घेऊन दिवाणखान्यात खेळायच्या लढायांचे नियम छापले. १९५४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी ‘टॅक्टिक्स’ हा पुठ्ठ्याचा पट आणि सोंगट्यांचा युद्धखेळ विकायला काढला. साठीच्या दशकात अमेरिकेच्या गावोगावी अशा खेळांच्या हौशी मंडळींचे गट होते.

मिनेसोटा राज्यातल्या अशाच एका गटात डेव्हिड वेस्ली हा तरुण होता. त्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात टॉटन नावाच्या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने १८८० साली लिहिलेले ‘स्ट्रॅटेगोस’ हे जुने पुस्तक सापडले. पंचाची संमती असेल तर खेळाडू काहीही करून पाहू शकतो, हे सूत्र त्याने त्यातून उचलले. बुद्धिबळातली चौथी उणीव, म्हणजे ‘नियमात नाही म्हणून करता येत नाही’ ही, भरून काढण्याची किल्ली त्याच्या हाती आली होती.

१९६९ मध्ये वेस्लीने नेपोलियनच्या काळातले ब्राउनस्टाइन हे काल्पनिक जर्मन गाव मांडले. दोन सैन्ये गावाच्या रोखाने येत आहेत. नेहमीप्रमाणे दोन सेनापती खेळणार; पण मित्र जास्त जमले होते, म्हणून उरलेल्यांना त्याने भूमिका वाटल्या. कोणी गावचा महापौर, कोणी बँकवाला, कोणी विद्यापीठाचा कुलपती. झाले असे, की मंडळी पट सोडून कोपऱ्यात जाऊन खलबते करू लागली. दोन खेळाडूंनी तर द्वंद्वयुद्धच पुकारले. त्याचे नियम वेस्लीकडे नव्हते. त्याने ते जागेवर बनवले. रात्र संपली तरी सैन्यांची लढाई झालीच नाही. खेळ फसला, असे वेस्लीला वाटले. मित्र मात्र पुन्हा कधी खेळायचे म्हणून त्याच्या मागे लागले.

त्या मित्रांपैकी डेव्ह अर्नेसन याने हे सूत्र ‘ब्लॅकमूर’ नावाच्या अद्‌भुत राज्यात नेले. किल्ल्याखालची तळघरे, तिथले राक्षस, तिथला खजिना. एक खेळाडू म्हणजे एक पात्र, आणि तेच पात्र पुढच्या आठवड्यात तिथूनच पुढे चालू. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सला त्याने हा खेळ दाखवला. गायगॅक्स पूर्वी विमा कंपनीत जोखमीचे अंदाज बांधायचे काम करत असे. ती नोकरी गेल्यावर जोडे दुरुस्त करत होता. दोघांच्या नावावर जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर पडला : एक खोके, तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार. या पुस्तिकांमध्ये खेळ चालवणाऱ्याला ‘रेफरी’ म्हणजे पंच असेच म्हटले आहे. ‘डंजन मास्टर’ हे नाव नंतर रुळले. या खेळात कोणी जिंकत नाही आणि तो ठरलेल्या जागी संपतही नाही.

शाळेच्या साहित्यातून आलेले फासे

या खेळाचे विविध आकारांचे फासे प्रसिद्ध आहेत. ते आले कुठून? शाळांना गणिताचे साहित्य पुरवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या ‘क्रिएटिव्ह पब्लिकेशन्स’च्या कॅटलॉगमधून! चतुष्फलक, घन, अष्टफलक, द्वादशफलक आणि विंशतिफलक या पाच नियमित घनाकृतींचा संच मुलांना भूमिती आणि संभाव्यता शिकवण्यासाठी विकला जात होता. गायगॅक्सने तो पाहिला आणि खेळासाठी उचलला. शिक्षकांसाठी केलेली वस्तू अशी फिरून खेळात गेली.

फासे निवडणे हा खेळ रचणाऱ्याचा महत्त्वाचा निर्णय असतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये पात्राची ताकद, बुद्धी वगैरे सहा गुण ठरवायला तीन साधे फासे टाकून बेरीज घेत. एकूण शक्यता २१६. बेरीज १८ येण्याची शक्यता २१६ पैकी १. १० येण्याची २७, आणि ११ येण्याचीही २७. ९ ते १२ या चार बेरजाच मिळून २१६ पैकी १०४ वेळा, म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा येतात. सर्वसाधारण माणसे पुष्कळ आणि असामान्य थोडी, हे चित्र त्यातून आपोआप उमटते. उलट वीस बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, ५ टक्के. कुठे मध्याकडे झुकणारे फासे हवेत आणि कुठे सपाट, हे ठरवणे म्हणजे जग कसे चालते याविषयी विधान करणेच आहे. वर्गात शंभर-शंभर वेळा फासे टाकून दोन्हींचे स्तंभालेख काढले, तर संभाव्यतेचा एक धडा तिथेच होतो.

पुढे अशा खेळांचे पेव फुटले. १९७७ साली मार्क मिलर यांनी रचलेल्या ‘ट्रॅव्हलर’ या अंतराळप्रवासाच्या खेळात तर भौतिकशास्त्राचे सूत्रच नियम म्हणून येते. अर्धे अंतर वेग वाढवत आणि अर्धे कमी करत जायचे असेल, तर वेळ = २ × √(अंतर ÷ त्वरण). साडेसात कोटी किलोमीटर अंतर आणि पृथ्वीच्या गुरुत्वाइतके, म्हणजे सुमारे १० मीटर प्रतिसेकंद वर्ग त्वरण घेऊन मुलांना उत्तर काढायला सांगा. ते जवळजवळ बरोबर दोन दिवस येते.

पुन्हा त्या वर्गात

एवढे वाचून झाल्यावर मी त्या शाळेत पुन्हा गेले. मुलांना सांगितले, की मागच्या वेळी मी चूक केली. फाशांवर ३ पडले होते. ते ३ खरे. तिसऱ्या वर्षी गावात दुष्काळ पडला आहे. आपण तिथून पुढे खेळू.

आधी भांडणे झाली. बागायतदारांनी पंचायतीला दोष दिला आणि पंचायतीने बागायतदारांना. मग पाणी भरणाऱ्या बायकांच्या गटातली एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, आम्हाला विहिरीत काठीला दगड बांधून पाणी किती आहे ते मोजायचंय. चालेल?” माझ्या नियमांत असे काही नव्हते. पण पंचाची संमती असेल तर काहीही करून पाहता येते. मी सांगितले, पिण्याच्या विहिरीचा व्यास सहा मीटर, पाणी दोन मीटर. मुलांनी वृत्तचितीचे घनफळ काढले : ३.१४ × ९ × २, म्हणजे सुमारे साडेछप्पन घनमीटर, छप्पन हजार पाचशे लिटर. माणशी चाळीस लिटर धरले तर दोनशे माणसांना रोज आठ हजार लिटर. झरा आटला असेल तर पाणी सात दिवसांचे. त्यानंतर उसाचा विषय कोणी काढला नाही. चाळीसाचे वीस लिटर करता येतील का, आणि ते आधी कोणाचे कमी करायचे, यावर उरलेला तास गेला. सूत्र मुलांना आधीही येत होते. ते वापरायची गरज पहिल्यांदा पडली होती.

ज्यांना असा खेळ करून पाहायचा असेल त्यांच्यासाठी माझ्या अनुभवातून तीन गोष्टी सांगते. नियम एका पानावर मावतील इतकेच ठेवावेत. नियमात नसलेले काही मुलांनी विचारले तर ‘नाही’ म्हणण्यापूर्वी ‘खरोखर असे करता येईल का?’ एवढाच विचार करावा. आणि ज्याचा निकाल आपल्याला मानवणार नाही असे वाटते, त्यासाठी फासे टाकूच नयेत. आपल्या निर्णयाने ठरवावे आणि तसे मुलांना सांगावे. एकदा टाकले, की पडेल ते खरे. कोष्टक चुकले असे वाटले तर खेळ संपल्यावर मुलांसमोरच ते दुरुस्त करावे, पुढच्या खेळासाठी.

तास संपल्यावर तो मागच्या बाकावरचा मुलगा माझ्याकडे आला. त्याला दुष्काळाबद्दल काही विचारायचे नव्हते. पुढच्या वेळी पंच मी होऊ का, एवढेच त्याने विचारले.